शेजारी हवा

कंपनीने फार गोड शब्दांत कळवलं होतं. 'किल्लेदार'च्या दुसऱ्या आवृत्तीने आपल्याला इतकी वर्षं भरभरून आनंद दिला, येत्या दिवाळी पाडव्याला तिला प्रेमाने निरोप देऊ या, सर्वांनी सातव्या आवृत्तीत यावं, आपलं स्वागत आहे, वगैरे वगैरे. निरोप कसला डोंबलाचा? गळा आवळायचाय तर तसं सरळ म्हणावं. चारुशीला जंगमने तो मजकूर चष्मा लावून दोनदा वाचला, फोन पालथा घातला आणि रोजच्यासारखा उजव्या हातात पंजा चढवला.

पंजा म्हणजे त्या खेळाचा हातमोजा. आता तुम्ही म्हणाल, साठी उलटलेली बाई, कराडसारखं गाव, आणि सकाळी सकाळी खेळ कसला खेळते? खेळत नव्हती हो. नवऱ्याला भेटत होती.

मल्लिनाथ जंगम जाऊन चार वर्षं झाली होती. शनिवार पेठेत त्यांची बेकरी. पहाटे तो पीठ मळायचा, दिवसभर ती काउंटर सांभाळायची. मुलगा मंथन शिकून बेंगळुरूला गेला, मग मल्लिनाथ गेला, आणि बेकरीचं शटर एकदा खाली आलं ते आलंच. वरच्या मजल्यावर ती एकटी राहिली. बोलायला हक्काचा माणूस म्हणजे दूधवाला, आणि तोही हल्ली पिशवी दाराला अडकवून जायचा.

'किल्लेदार' एके काळी घरोघरी होता. दिवाळीत अंगणात माती कालवायची, किल्ला करायचा, त्यावर अळीव पेरायचे, पायथ्याशी मावळे मांडायचे, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. अंगणं गेली तेव्हा कुणा हुशार पोरांनी तोच खेळ डब्यात आणला. पंजा घातला की बोटांना ओली माती लागायची, अगदी खड्यासकट. पुढच्या आवृत्त्यांत तोफा आल्या, हत्ती आले, किल्ला नुसता तोंडाने सांगितला तरी आपोआप उभा राहू लागला. दुसऱ्या आवृत्तीत यातलं काही नव्हतं. माती, दगड, पाणी, अळीव. झालं.

पण तिची एक गंमत होती, आणि पुढचं सगळं रामायण त्या गमतीवरूनच घडलं. हा डबा किल्ला साठवून ठेवतच नसे. तो साठवायचा फक्त हाताच्या हालचाली. बोटं कुठे टेकली, किती दाबली, कुठे अडखळली, किती वेळ नुसतीच थांबली. डबा चालू केला की त्या हालचालींवरून तो मातीचा कण न् कण पुन्हा रचायचा. बेकरीत कालचा पाव जपून ठेवत नाहीत, करायची रीत हातात असते आणि रोज ताजा पाव निघतो, तसंच हे. मेख एवढीच की हिशेब तसूभर बदलून चालत नाही. नव्या चिप आकडेमोड झपाट्याने करतात, पण शेवटचा अंक जरा वेगळा धरतात. त्याने एक कण केसभर सरकतो, त्याच्यावरचा अजून थोडा, आणि तट उभा राहीपर्यंत बुरूज भलतीकडेच झुकतो. म्हणून हा खेळ फक्त जुन्या डब्यांवर चाले, आणि ते डबे आता कुणी बनवत नव्हतं.

दुसरी मेख शेजाऱ्याची. या खेळाच्या मोठमोठ्या स्पर्धा व्हायच्या आणि लोक लबाड्या करायचे. म्हणून प्रत्येक डब्याला जवळपासच्या गावातला एक शेजारी जोडून दिलेला असे. तुमच्या किल्ल्याचा हिशेब तुमचा डबा करणार आणि त्याच वेळी शेजाऱ्याचाही करणार. दोन्ही उत्तरं जुळली तरच चित्र पुढे सरकणार. शेजाऱ्याचा डबा बंद असला की पडद्यावर नुसती पाटी यायची: शेजारी हवा. दोन डबे एकाच घरात मांडून आपणच आपली साक्ष काढायची सोय नव्हती. जोडणी एकच आहे हे खेळ लगेच ओळखायचा. आता पाडव्यापासून कंपनी नवे शेजारी जोडून देणार नव्हती. ज्यांची जोडी आहे त्यांचं चालेल. जोडीतला एक गेला की दुसऱ्याचाही किल्ला मिटला.

चारुशीलाच्या शेजाऱ्याच्या वेशीवर पाटी होती, 'शिंत्रे, तासगाव'. डबा चालू असला की पाटीखाली पणती जळायची. या शिंत्र्यांनी इतक्या वर्षांत स्वतःचा किल्ला काही बांधला नव्हता, जागेवर नुसता मातीचा ढीग. खेळात एकमेकांशी बोलायची सोय नव्हती. शेजाऱ्याला दोनच गोष्टी करता यायच्या. एक, डब्यासोबत मिळालेला रिकामा लोटा पडद्यापुढे कलता करून किल्ल्यावर पाणी शिंपडणं, कारण ओल नसली की अळीव वाळायचे आणि मातीला भेगा पडायच्या. कुणी पाणी घातलं की दुसऱ्याला तशी सूचना यायची, त्यामुळे कधी ती, कधी ते, अशी त्यांची मुकी पाळी लागून गेली होती. दुसरी गोष्ट उजळणी. किल्ला पहिल्यापासून कसा बांधला ते शेजारीही आपल्या पंजात अनुभवू शकायचा. त्याची उजळणी चालली असली की किल्ल्यावर एक बारका कंदील पुढे पुढे सरकताना दिसे. शिंत्र्यांचा कंदील उजव्या बुरुजापाशी हमखास अडकायचा. त्यांचा डबा जुना झालाय, असं ती समजून चालली होती.

ती स्वतः रोज उजळणी लावायची. पंजात आतून मल्लिनाथचा हात भरायचा. माती थोपटताना तो बोटांची मागची बाजू वापरायचा, कणकेवर वापरायचा तशीच. डावा बुरूज व्हायचा, तट व्हायचा, दरवाजा व्हायचा, आणि उजव्या बुरुजाशी येऊन तो हात थांबायचा. तो बुरूज तिचा. दर दिवाळीला तो तिच्यासाठी राखून ठेवायचा. "ये गं, तुझा बुरूज राहिलाय," असं आतून ओरडायचा आणि ती बेकरीचे ट्रे घासत असायची, आले आले म्हणत उशीर करायची. त्या शेवटच्या किल्ल्यात हे सगळं थांबणं जसंच्या तसं होतं. मातीवर टेकलेला हात, आणि त्याची बारीक थरथर. पुढे ज्या आजाराने त्याच्या हातून चमचा सुटायला लागला, त्याची ती सुरुवात होती. तेव्हा तिला कळलं नव्हतं. आता रोज सकाळी ती त्या हाताखाली आपला हात धरून बसायची आणि ट्रे घासायला कुठेही जायची नाही.

दिवाळीला मंथन आला, दोन दिवसांची सुट्टी काढून. तो त्याच कंपनीत होता. जुने किल्ले सातव्या आवृत्तीत उतरवायचं काम त्याच्याच हाताखाली चालायचं. बापाचा किल्ला त्याने स्वतः, ऑफिस सुटल्यावर बसून, तीन महिने खपून उतरवला होता आणि आईला त्याचा पत्ता लागू दिला नव्हता. त्याने भिंतभर चित्र लावलं तेव्हा चारुशीलाच्या डोळ्यांत पाणी आलं. किल्ला हुबेहूब होता, अळिवाची पाती वाऱ्याने हलत होती. मग त्याने तिला नवा, पातळसा पंजा दिला.

हात आला. चांगला भक्कम, सफाईदार हात. डावा बुरूज, तट, दरवाजा, आणि न थांबता उजवा बुरूज. सगळं चुटकीसरशी झालं.

"हा कुणाचा हात?" तिने विचारलं.

"बाबांचाच की."

"थांबला नाही कुठे. आणि थरथरत नाही."

मंथनने तिला शांतपणे समजावलं. जिथे काही घडत नाही तो वेळ कापला जातो. थरथर ही मशीनच्या भाषेत खरखर, ती सगळ्यांच्याच किल्ल्यांतून आपोआप गाळली जाते, लोकांना नको असते. शिवाय सातवी आवृत्ती त्या हाताची ढब शिकून घेते. आता दर दिवाळीला बाबांचा नवा किल्ला तयार होईल, त्यांच्याच पद्धतीचा. हे सांगताना त्याचा चेहरा उजळला होता, आणि तो चेहरा बघून चारुशीलाला फार वाईट वाटलं. तिने एकेक बोट सोडवत पंजा काढला. छान झालंय म्हणाली, चकल्या खा म्हणाली.

तो काय समजायचं ते समजला. इतके महिने जीव लावून केलेलं काम आईला आवडलं नाही, एवढंच त्याच्या पदरी पडलं. जुन्या डब्याला तर त्याने बाप गेल्यापासून हात लावला नव्हता. निघताना बूट घालता घालता, खाली मान घालून तो म्हणाला, "आई, तो डबा एक दिवस बंद पडणारच आहे. मग काय करशील?"

"तोवर चालू आहे ना," ती म्हणाली.

पाडवा झाला. खेळ बंद पडला नाही, पणती जळत राहिली, फक्त कंपनीकडून येणाऱ्या सूचना थांबल्या. शेजाऱ्याने पाणी घातल्याची सूचना आज नाही, उद्या नाही. चारुशीलाने ओळखलं, शिंत्र्यांनी अंग काढून घेतलं. तिला रागही आला नाही, कोण कुणाचं इतकं करतं? मग ती स्वतःच रोज सकाळी न चुकता किल्ल्यावर लोटाभर पाणी शिंपडू लागली.

थंडी पडली आणि उजवा बुरूज खचायला लागला. आधी वरची कड गेली, मग पोटातून माती सुटली आणि अळिवासकट पायथ्याशी आली. ज्या जागी त्याचा हात थांबला होता तिथेच चिखल झाला. हिशेब चुकतोय, शिंत्र्यांचा डबा बिघडलाय, असं तिने ठरवूनच टाकलं. मंथनला विचारता आलं असतं. पण तो सांगितलं होतं ना म्हणेल, आणि ते ऐकायची तिची तयारी नव्हती. तिने दोन भाकरी बांधून घेतल्या आणि तासगावची एसटी पकडली.

स्टँडजवळच्या दुरुस्तीच्या दुकानात विचारलं तर पत्ता लगेच मिळाला. गावात जुना 'किल्लेदार' घेऊन येणारा माणूस एकच, आप्पा शिंत्रे, गणपतीच्या देवळामागे. आप्पा सत्तरी ओलांडलेले, उंच, काटकुळे. सारा जन्म बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मशीनवर काढलेला. कराडची जंगम म्हटल्यावर ते दारात नुसते बघत राहिले, मग घाईघाईने खुर्चीवरचे कपडे उचलले. घरात दुसरं कुणी नव्हतं. कोपऱ्यात डबा होता, त्यावर स्वच्छ पंचा झाकलेला.

डबा नातवासाठी घेतला होता, म्हणाले. नातू नागपूरला, सुट्टीत येईल म्हणून. तो काही आला नाही, बघता बघता मोठा झाला. आप्पांना किल्ला कुठे करता येत होता? मग ते शेजारच्या किल्ल्याची उजळणी लावून शिकायला बसले, आणि शिकता शिकता वर्षं गेली.

"तुमच्या मालकांचा हात थरथरतो," आप्पा म्हणाले. "उजव्या बुरुजाशी थांबतात बघा. तिथं मीपण थांबतो. माणूस कुणाची तरी वाट बघतोय, पुढं कसं जायचं?"

चारुशीलाला एकदम चटका बसला. तिला वाटत होतं, तो हात फक्त तिचा आहे, आणि इथे तासगावात एक परका माणूस इतकी वर्षं त्याच हाताखाली हात धरून बसला होता. तिला चक्क मत्सर वाटला. आणि मग, आप्पांनी पुढे केलेला चहा घेताना, तो मत्सर ओसरला. मल्लिनाथची ती थरथर ठाऊक असलेलं जगात आणखी एक माणूस होतं.

कंदील अडकायचा तो यामुळे, हे तिला आता कळलं. मग तिने बुरुजाचं काढलं. आप्पांचा चेहरा उतरला, तेही रोज बघत होते. पण पाण्यात मी कसूर केली नाही, असं ते पुन्हा पुन्हा सांगू लागले. पाडव्यानंतर तुमची सूचना यायची बंद झाली, तुम्ही आजारी असाल वाटलं, तेव्हापासून रोज संध्याकाळी मी लोटाभर घालतोय, एक दिवस चुकलेला नाही.

तिने चहाचा कप खाली ठेवला.

"आप्पा," ती म्हणाली, "मी रोज सकाळी घालते."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग आप्पा हसले, तीही हसली, आणि हसता हसता आप्पांनी हात जोडले. तिने ते हात खाली घ्यायला लावले. खचला तो दोघांच्या पाण्याने खचला, त्यात तुमचं एकट्याचं काय, म्हणाली. दोन शहाणी माणसं, एकाने दुसऱ्याची काळजी घेतली आणि दुसऱ्याने पहिल्याची. बुरूज बिचारा किती सोसणार?

निघायच्या वेळी आप्पांनी खरं सांगितलं. संक्रांतीनंतर ते तासगाव सोडणार होते. लेकीने नागपूरला वृद्धाश्रमात सोय केली होती. जेवण वेळेवर, डॉक्टर तिथंच, पण आपलं स्वतःचं मशीन लावायला परवानगी नाही. हे तुम्हाला कळवावं कसं याचाच घोर लागला होता, म्हणाले, खेळात बोलता येत नाही आणि पाणी घालून असलं काही सांगता येत नाही. संक्रांत झाल्यावर त्यांनी डबा पंच्यात बांधून, स्वतः कराडच्या स्टँडवर आणून तिच्या हातात दिला. सोबत बेदाण्याची पुडी. परतीच्या गाडीत त्यांना खिडकीची जागा मिळाली, तेवढं तिने बघितलं.

आता डबे दोन होते आणि शेजारी एकही नव्हता. तिने पेठेत विचारून पाहिलं, समोरच्यांना, बाजूच्यांना. अनोळखी जुनं यंत्र घरच्या जोडणीवर कोण लावून घेणार? सगळे नीट बोलले. बघू, म्हणाले. भिंतीला भिंत लागून राहणारी माणसं, पण शेजारी म्हणून एकही उपयोगाचं नाही. शेवटी तिने मंथनला फोन लावला.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आई, हा खेळ बंद करायच्या कामात मीच आहे. माझ्याच घरी तो डबा चालवू?"

"तुला खेळायला सांगत नाही रे. नुसती पणती लावून ठेव."

"बघतो," तो म्हणाला.

बघू म्हणणाऱ्यांत आणखी एकाची भर, असं मनात म्हणत तिने डबा नीट बांधला आणि कुरिअरने बेंगळुरूला पाठवला. पोचल्याचा निरोप आला. त्यापुढे काही नाही. ती रोज सकाळी आपला डबा चालू करायची, पडद्यावर पाटी यायची, शेजारी हवा. सवयीने पंजा चढवायची तर आत काही नाही, नुसतं कापड आणि वायरी. चार वर्षांपूर्वी मल्लिनाथ गेला तेव्हा घर माणसांनी भरलं होतं, रडायला सोबत होती. हे दुसऱ्यांदा जाणं तिने एकटीनेच सोसलं. फोन करून विचारायचं नाही असं तिने ठरवलं होतं. मागून घेतलेला शेजारी तिला नको होता.

महाशिवरात्रीच्या उपासाचा चहा घेऊन ती पडद्यापुढे बसली, तर पाटी नव्हती. वेशीवर पणती जळत होती. खाली नाव अजून तेच, 'शिंत्रे, तासगाव', डब्याला कुठे माहीत की त्याने गाव बदललंय. ती कप हातात धरून तशीच बसून राहिली.

किल्ला मात्र बघवत नव्हता. अळीव पिवळे पडलेले, तटाला बोटभर भेगा, उजवा बुरूज अर्धा ढासळलेला आणि वाळून कडक झालेला. पाण्याच्या लोट्याकडे तिचा हात गेला आणि तिने तो मागे घेतला. दोघांनी घातलं तर काय होतं ते ती बघून चुकली होती. आणि खरं सांगायचं तर तिला हेही बघायचं होतं, की आपण नाही घातलं तर दुसरं कुणी घालतं का. त्या दिवशी कुणी घातलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. भेगा वाढल्या. पणती लावून ठेव एवढंच आपण म्हणालो होतो, पोराने तेवढं केलं, आणखी काय हवं, अशी तिने मनाची समजूत घातली.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी किल्ल्यावर कंदील दिसला. ती खुर्चीत पुढे सरकली. कंदील पायथ्याशी थोडा घुटमळला, मग डाव्या बुरुजावरून, तटावरून, दरवाजावरून अडखळत उजव्या बाजूला आला आणि थांबला. इथून पुढे सरकायला बटण होतं, ते मंथननेच तर पुढच्या आवृत्तीत सगळ्यांसाठी आपोआप करून टाकलं होतं. कंदील सरकला नाही. तिचा चहा निवला, खाली रस्त्यावर भाजीवाला येऊन ओरडून गेला, तरी कंदील तिथेच होता. तिने आपला पंजा चढवला नाही. तो वेळ तिने त्याला दिला.

मग पाणी आलं. आप्पा बोटांनी शिंपडायचे तसं नाही. सहा वर्षांचा असताना मंथन खऱ्या किल्ल्यावर ओतायचा तसंच, वरून, सगळा लोटा एकदम. तेव्हा मल्लिनाथ चिखलाचे हात वर करून ओरडायचा, हळू रे, बुरूज वाहून जाईल. भेगांत पाणी शिरलं आणि उजव्या बुरुजाची आणखी एक ढेप सुटून खाली आली.

"हळू रे," चारुशीला रिकाम्या खोलीत म्हणाली. तिने आपला लोटा उचलून खाली, टेबलाच्या पायाशी ठेवून दिला.